फोटोपुरती हनुवटी

जिन्याच्या पहिल्याच पायरीवर सरोजिनीने जबडा पुढे घेतला. खालचे दात वरच्या दातांच्या टोकाला टेकवायचे, ओठ हलकेच मिटायचे, जीभ टाळूला लावायची आणि श्वास नाकाने. पाच वर्षांच्या सवयीने हे सगळं आता पदर सावरण्याइतकं आपोआप व्हायचं. एरवी गळ्यात उतरून जाणारी हनुवटी अशी धरली की चांगली गोल, ठसठशीत दिसे.

दुर्गाआत्या खाली टांग्यातच बसून राहिली होती. तिच्या गुडघ्यांना जिने चालत नसत, पण तोंडाला सगळं चालायचं. "वर गेलीस की उजव्या हाताचं दार," तिने बजावलं होतं. "आन् सरू, फोटो काढायची एकच काच हाय म्हणे त्या फोटोवाल्याकडं. लढाईपायी माल येऊन न्हाई राह्यला. हललीस तर मंग दुसरा फोटो न्हाई!"

फोटो हैदराबादला जायचा होता. स्थळ तालेवार होतं – मुलगा सरकारी दफ्तरात, घर स्वतःचं. सरोजिनीचं वय बावीस. जालन्याच्या कन्याशाळेतली ही मास्तरीण अजून बिनलग्नाची कशी, हा कादराबाद पेठेतल्या निम्म्या घरांच्या चर्चेचा विषय होता. त्यामुळे जिना चढताना तिच्या डोक्यात उजवं कुठलं आणि डावं कुठलं हे राहिलंच नाही. वर समोरासमोर दोन दारं होती. ती डावीकडच्या दारात शिरली.

आत खिडकीकडे तोंड करून ठेवलेली उंच खुर्ची होती. डोकं टेकायला मागे गादीची वाटी. फोटोवाल्यांकडे अशीच खुर्ची असते, हे तिने ऐकलं होतं. ती बसली, मान ताठ केली, दात टेकवले आणि वाट पाहू लागली.

पडद्यामागून हात पुसत एक तरुण आला. पांढरा कोट, दाट केस, फार शांत डोळे... आणि उंची अगदीच बेताची. कोपऱ्यातला लाकडी पाट त्याने पायाने खुर्चीजवळ सरकवला, त्यावर चढला आणि तिच्याकडे वाकून म्हणाला, "हं, उघडा."

"काय?"

"तोंड."

"फोटोत कुठं तोंड उघडतेत का?"

तो क्षणभर गोंधळला. मग त्याच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या. "फोटो समोरच्या दारात निघतेत, बाई. इथं दात निघतेत."

सरोजिनीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग शेजारच्या तबकातल्या चिमट्यांकडे, मग पायाने चालवायच्या त्या शिवणयंत्रासारख्या यंत्राकडे – आणि तिला हसू फुटलं. अगदी आतून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. ती उठायला गेली, पण तो अजून पाटावरच उभा होता आणि तिच्याकडे टक लावून पाहत होता.

"थांबा... आत्ता हसल्या तशा परत हसा बरं."

"परक्या बाईच्या तोंडाकडं असं बघतेत का कुणी?"

"माझा धंदाच त्यो आहे," तो म्हणाला. "तुम्ही जबडा पुढं धरून राह्यल्या. आत आल्या तेव्हा एक चेहरा होता, हसल्या तेव्हा दुसरा. कानापुढं दुखतं का तुमच्या? चावताना टक् आवाज येतो?"

दोन्ही व्हायचं. दुखायचं आणि वाजायचंही. पण पाच वर्षं घरातल्या दोघांखेरीज कुणाला न कळलेली गोष्ट या माणसाने एका हसण्यात पकडली, याचा तिला असा काही राग आला की कानशिलं तापली.

"बिलकुल न्हाई," असं म्हणून ती तडक समोरच्या दारात गेली.

फोटो छान आला. भुजंग फोटोवाल्याने "हलू नका" म्हटल्यावर ती जराही हलली नाही. डोळ्यांत मात्र अजून थोडं हसू उरलं होतं, आणि त्याचं कारण समोरच्या खोलीत होतं हे त्या काचेला काय ठाऊक.

*

सतराव्या वर्षी पहिलं स्थळ आलं होतं. त्यांनी निरोप पाठवला, 'पोरगी चांगली, पण हनुवटी न्हाई.' आई नव्हती. मुन्सफ कोर्टात पेशकार असलेले वडील केशवराव तो निरोप ऐकून आतल्या खोलीत जाऊन बसले. दुर्गाआत्याने मात्र पदर खोचला. तिच्या सासरी म्हणे एका सुनेने जबडा पुढे धरून धरून चेहरा बदलला होता. मातीला वळण देता येतं तसं हाडालाही येतं, फक्त नेट पाहिजे, असं तिचं ठाम मत होतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी एक अख्खी सुपारी पुढच्या दातांत धरून सरोजिनी तासभर बसायची. आत्या समोर बसून वाती वळायची आणि सुपारी मागे घसरली की मांडीवर चापट मारायची.

आत्याचं प्रेम असं चापटीतून यायचं. सरोजिनीला ते कळत होतं, म्हणून तर ती सुपारी फेकून देऊ शकली नव्हती.

फोटो हैदराबादेत पसंत पडला. चैत्रात मुलगा स्वतः पाहायला येणार, असं पत्र आलं. घरात आनंद झाला आणि सरोजिनीची झोप उडाली. फोटोला डोळा मिटून उघडेपर्यंतचा वेळ लागतो. संसार त्याहून बराच लांबतो. हे हाड खरंच जागेवर बसणार आहे का? की जन्मभर असं धरूनच राहायचं – जेवताना, भांडताना, लेकरू मांडीवर घेऊन बसल्यावरसुद्धा? वर्गात ती फळ्यावर एक लिहायची आणि बोलायची दुसरंच. एके दिवशी मुलींची हजेरी घेता घेता जबडा टक् करून अडकला, तो मिटेचना. पुढच्या बाकावरच्या मुली हसल्या आणि मग घाबरल्या.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर तिने आत्याला दाढ दुखत असल्याचं सांगितलं आणि तो जिना चढून ती थेट डावीकडच्या दारात गेली. या खेपेला घोटाळा नव्हता.

बाकावर गालाला फडकं बांधलेला एक शेतकरी बसला होता. "मी टेंभुर्णीचा कडूबा," त्याने न विचारताच सांगितलं. "तीन बाजार झाले, यून राह्यलो आन् वापस जाऊन राह्यलो. त्यो चिमटा बघितला की दुखायचंच थांबतंय पहा. तुमीच जा आधी."

डॉक्टरचं नाव वामन. घनसावंगीच्या वैद्यांचा मुलगा, मुंबईहून दातांचं शिकून आलेला. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं – सुपारी, आत्या, हैदराबाद – आणि मध्ये एकदाही हसला नाही. मग पाटावर चढून दोन्ही कानांपुढे बोटं टेकवली. "उघडा... मिटा... हळू." बोटं गार होती. तिच्या छातीत एवढं धडधडत होतं की ते कानातून त्याच्या बोटांना कळेल, अशी तिला भीती वाटली.

"स्नायू थकलेत," तो म्हणाला. "रात्री दातांवर घालायला एक पट्टी करून देतो, म्हणजे आराम पडेल. पण त्यासाठी तुमचा खरा चावा पाहिजे."

त्याने दिव्यावर मेण मऊ केलं, पट्टी दातांमध्ये ठेवली आणि चावायला सांगितलं. ती चावली. त्याने मेण उजेडात धरलं आणि मान हलवली. "हा फोटोतला चावा झाला. परत."

परत. पुन्हा परत. "जीभ मागं न्या आन् आवंढा गिळा." तिने गिळला, पण शेवटच्या क्षणी जबडा सवयीने पुढे गेलाच. तीन मेणं आणि तीन चावे, कुणाचा कुणाशी मेळ नाही.

"मुद्दाम करून राह्यल्या का?"

"मी कशाला मुद्दाम करू? मला माझा खरा कुठला हेच आठवून न्हाई राह्यलं." बोलता बोलता तिचा आवाज कापला, आणि ते लपवायला ती म्हणाली, "तुमचंच मेण खराब असंल."

"असंल. उद्या चांगलं आणतो," वामन म्हणाला. "तुम्ही पण उद्या चांगला चावा आणा."

ती उद्या गेली. परवाही गेली. दुखणाऱ्या दाढेचं निमित्त आत्याला किती दिवस पुरलं ते देव जाणे. कधी मेण जास्त गरम, कधी प्लास्टर ओलं, कधी कडूबा मध्येच पळून गेलेला. पट्टी काही होत नव्हती, आणि ती होत नाही म्हणून दोघांपैकी कुणालाच वाईट वाटत नव्हतं. टेबलावर तिच्या दातांचा पांढरा साचा ठेवलेला असे. एकदा तिने विचारलं, "माझेच दात असे टेबलावर मांडून ठेवता, लोक काय म्हणतील?"

"विचारतेत ना. मी म्हणतो, एक बाई विसरून गेल्या."

चैत्र लागायला आठ दिवस उरले तेव्हा मात्र तिने मनातला प्रश्न विचारून टाकला. "डॉक्टर, खरं सांगा. असं धरून धरून हाड बदलंल का?"

वामनने हातातलं मेण खाली ठेवलं. पुसलेले चिमटे पुन्हा पुसले.

"हे मला नका विचारू."

"तुम्हाला न्हाई तर कुणाला? टांगेवाल्याला?"

"माझ्या उत्तरात माझा स्वार्थ आहे," तो हळूच म्हणाला. "म्हणून नका विचारू."

खिडकीतून बाजाराचा कलकलाट येत होता, तरी तिला काही ऐकू येईना. कसला स्वार्थ, असं विचारायला तिची जीभ उचलली गेली... आणि तिथेच राहिली. ती उठली, पायऱ्या उतरली आणि घरापर्यंत चालत गेली. टांगा करायचा असतो हे तिच्या लक्षातच आलं नाही.

त्यानंतरचे दोन दिवस वाईट गेले. भाजीत मीठ दोनदा पडलं. वर्गात एकीला विनाकारण ओरडली आणि मग तिलाच जवळ घेतलं. आपल्याला तो आवडतो, हे तिने मनातल्या मनात धडधडीत कबूल केलं, आणि लगेच भीतीही वाटली. त्याने तोंड उघडून मागणी घातली होती थोडीच? आणि इकडे आत्या नव्या पातळाची किनार दुमडून शिवत बसलेली, वडील पाच वर्षांत पहिल्यांदा गुणगुणत असलेले. त्या दोघांच्या तोंडचा घास कसा काढायचा? तिसऱ्या दिवशी ती मनाचा हिय्या करून जिना चढली.

"मला ती आरामाची पट्टी नको. जबडा पुढं धरून ठेवील अशी पट्टी होते का?"

"होते," वामन म्हणाला. त्याचा चेहरा उतरला, पण तो नाही म्हणाला नाही. "उताराची पट्टी करतेत. दात मिटले की जबडा आपोआप पुढं सरकतो."

"मंग तीच करा. जल्दी."

त्याने ती चार दिवसांत केली. डबीत कापूस घालून तिच्या हातात दिली आणि या खेपेला पाटावर न चढता, तिच्या डोळ्यांत पाहून म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही विचारलं त्याचं उत्तर देतो. डॉक्टर म्हणून माझं कामच आहे ते. लहानपणी हाडाला वळण देता येतं. बाविसाव्या वर्षी न्हाई. पट्टी काढली की जबडा मागं जाईल. आज जाईल, दहा वर्षांनी बी जाईल. तुमच्या नेटात कमी न्हाई... हाडच मानत न्हाई."

"आन् तुमचा स्वार्थ?"

"त्यो डॉक्टरचा न्हाई. म्हणून त्यो सांगत न्हाई."

*

पाहुणे रविवारी सकाळच्या गाडीने आले. मुलगा शरदचंद्र, त्याची आई उषाबाई आणि एक काका. शरदचंद्र उंच, देखणा आणि वागायला नीट होता. त्याच्यात खोट काढावी असं काहीच नव्हतं, आणि त्यामुळे सरोजिनीला जास्तच घुसमटल्यासारखं झालं. पट्टी तोंडात होती. कानापुढे ठणका होता. आत्याने आतल्या दारातून बोट हनुवटीला लावून खूण केली, उत्तम!

काकांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "मुली, नाव काय तुझं?"

"शलोजिनी," तिच्या तोंडून आलं.

उषाबाईंनी चमकून पाहिलं. काका म्हणाले, "काय? जरा मोठ्यानं."

सरोजिनीने खाली पाहिलं. रोज चाळीस मुलींना ती आपलं नाव खणखणीत सांगायला शिकवत होती. 'पुटपुटायचं न्हाई, वर बघून सांगायचं,' हे वर्गातलं तिचं पहिलं वाक्य असे. तिने रुमाल तोंडाशी नेला, पट्टी काढली आणि समोरच्या तबकात, सुपारीशेजारी ठेवून दिली. जबडा मागे गेला. असं हलकं वाटलं, की खांदेसुद्धा खाली उतरले.

"सरोजिनी," ती वर बघून म्हणाली. "आन् हनुवटी माझी ही अशी आहे. फोटोत मी ती धरून बसले होते."

आतून आत्याच्या हातातलं काहीतरी पडल्याचा आवाज आला. केशवराव चहाचा पेला तसाच धरून राहिले. उषाबाईंनी ओठ मुडपले. शरदचंद्र मात्र तिच्याकडे बघून म्हणाला, "माझी काही हरकत नाही."

आत्याने दारातच हात जोडले. केशवरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"फक्त एवढंच," शरदचंद्र संकोचून पुढे म्हणाला, "लग्नाला आमच्या दफ्तरचे सगळे येतील, फोटो निघतील... तेवढ्यापुरतं आत्ता केलं होतं तसं केलं तर बरं होईल. तेवढ्यापुरतंच."

तो वाईट हेतूने बोलला नव्हता. पण सरोजिनीला पुढचं सगळं दिसलं. आधी लग्नापुरतं, मग सणापुरतं, मग साहेब घरी जेवायला येतील तेवढ्यापुरतं. आणि मग एक दिवस आरशापुरतंसुद्धा.

"न्हाई," ती म्हणाली. "माफ करा, माझ्याच्यानं होणार न्हाई."

केशवरावांनी पेला खाली ठेवला. रोज कोर्टात दुसऱ्यांचे निकाल वाचून दाखवणारा तो माणूस मुलीकडे पाहत म्हणाला, "हे आखरी?"

"आखरी, बाबा."

"मंग ठीक आहे." ते पाहुण्यांकडे वळले. "चहा घ्या. गाडीला अजून वेळ आहे."

आत्याने दातांत धरायची ती सुपारी अडकित्त्याने बारीक कातरली आणि एकटीच खाऊन टाकली.

*

सोमवारी शाळा सुटल्यावर सरोजिनी जिना चढली तेव्हा कडूबाची दाढ एकदाची निघाली होती. तोंडात कापूस धरून तो बाकावर विजयी वीरासारखा बसला होता. वामन हात धूत होता. तिला पाहून तो नळ बंद करायचं विसरला.

"मेण गरम करा," ती खुर्चीत बसत म्हणाली.

"पट्टी... दुखली का?"

"तबकात राह्यली. मेण गरम करा म्हणते ना!"

त्याने पाट सरकवला, वर चढला. मऊ केलेली मेणाची पट्टी त्याने तिच्या दातांत ठेवली. ती डोळे मिटून चावली. काही धरलं नाही, काही आठवलं नाही. त्याने मेण काढलं, टेबलावरच्या साच्यावर बसवून पाहिलं. वरचे-खालचे दात मेणात अचूक बसले. पहिल्याच खेपेला.

"बसला," तो म्हणाला.

"आता तुमचा स्वार्थ सांगा."

"मला... म्हणजे मी..."

"आधी पाटावरून खाली उतरा."

"उतरलो तर मी तुमच्या कानाला लागतो, सरोजिनीबाई."

"माहितीय मला. बाजारात दोनदा चोरून बघितलंय तुम्हाला. उतरा."

ती उठून उभी राहिली. तो उतरला. कानालाच लागत होता, अगदी बरोबर. मान जराशी वर करून, पहिल्या दिवशीसारख्याच शांत डोळ्यांनी त्याने तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही चुकून या दारात आल्या आन् हसल्या," तो म्हणाला. "त्या दिवसापासून मला ते हसू घरात पाहिजे. धरलेलं न्हाई, सुटलेलं. वडलांना कधी भेटू?"

हो म्हणायला सरोजिनीने तोंड उघडलं, तेवढ्यात बाकावरून कडूबाने कापूस गालात सरकवला.

"व्हय म्हणा की ओ बाई, जल्दी! माझी गाडी जाऊन राह्यली, आन् हे ऐकल्याबिगर मी न्हाई उठत."

ती हसली, रडली आणि "हो" म्हणाली, कशाच्या आधी काय ते तिघांनाही नंतर सांगता आलं नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दोघं समोरच्या दारात गेली, फोटोवाल्याकडे. काच अजूनही एकच होती. भुजंगने खुर्चीमागून पाट आणून ठेवला. "डॉक्टर, तुम्ही यावर. आन् वहिनी, तुम्ही जरा हनुवटी –"

"पाट नको," सरोजिनी म्हणाली.

"हनुवटी राहू द्या," वामन म्हणाला.

दोघं एकदमच बोलली. त्यावर तिला असं हसू आलं की भुजंगचं "हलू नका" हवेतच राहिलं. नवरा नीट आला, नवरी हलली.

फोटो चौकटीत बसून घरी आला तेव्हा दुर्गाआत्याने तो उजेडात नेला, जवळ धरला, लांब धरला.

"हनुवटी तर दिसूनच न्हाई राह्यली," ती कुरकुरली. मग पदराने काच पुसत म्हणाली, "पण माझी सरू दिसून राह्यली."